फळीखालचा मासा

पुंडलिक भोईर एखादी बॅग उचलायचे तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. बॅग जमिनीपासून वीतभर वर, मान जराशी डावीकडे, कोणी कानात काही सांगतंय आणि ते नीट ऐकायचंय अशी. मग बॅग खाली ठेवून आकडा सांगायचे. "साडेअठरा." काट्यावर घातली की साडेअठराच भरायची. फार तर पाव किलोचा फरक. तोही त्यांना मान्य नसायचा. "हँडलला पानी लागलाय," म्हणायचे.

त्यांच्याबद्दल लिहायचा मला किती अधिकार आहे, हे वाचणाऱ्याने शेवटी ठरवावं. मी तेव्हा भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात सुपरवायझर होतो. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. शेतांत भराव घालून पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या, रोज नवा गाळा, नवा माल. भोईरकाका आमच्याकडे माल उतरवून घ्यायच्या कामावर होते. साठीला आलेले, खाडीकाठच्या गावचे, बुटके, रुंद खांद्यांचे. कंबर थोडी वाकलेली, पण हात जाड दोरासारखे. बायको वारलेली. सुनंदा नावाची एकच मुलगी, जवळच्याच गावात दिलेली.

काका सांगत, की त्यांनी अठरा वर्षं विमानतळावर काढली. आधी सांताक्रूझला, मग सहारला. काम एकच: उतारूंच्या बॅगा उचलून काउंटरच्या काट्यावर ठेवायच्या आणि काढायच्या. या बोलण्यावर गोदामात कोणाचाही विश्वास नव्हता, गावात तर नव्हताच. आम्ही त्यांना 'पायलट' म्हणायचो. हे नाव मी ठेवलं होतं.

अविश्वासाला कारण होतं. काका ठेकेदाराकडे बदलीवर लागले होते. थॉमस नावाचा कोणी माणूस गावी गेला तो परतला नाही, आणि ठेकेदाराने मस्टरवर त्याचंच नाव चालू ठेवलं. त्या नावाने हे अठरा वर्षं राबले. "तिकडं मना कोनी पुंडलिक म्हनून हाक नाय मारली. थॉमस, इकडं ये. थॉमस, बॅग उचल. मी म्हनायचू, आलू." काम सुटलं तेव्हा पासही परत द्यावा लागला. हातात कागदाचा एक तुकडा नाही.

तिकडे असताना ते डबल ड्युट्या करत, खोलीवर झोपत, आणि घरी वर्षातून दोनदा येत, शिमग्याला आणि गणपतीला. एकदा त्यांचा मेव्हणा विमानतळाच्या गेटवर जाऊन चौकशी करून आला. भोईर नावाचा इथे कोणी नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्या दिवशी गावाने ठरवलं, की पुंडल्या ठाण्याच्या तुरुंगात आहे आणि सणाला सुट्टीवर येतो. तुरुंगातून सणाची सुट्टी कशी मिळते, हे कोणी विचारलं नाही.

काका मात्र चिडत नसत. जेवणाच्या सुट्टीत कोणी नुसतं "काका, विमानतळ" म्हटलं की सुरू व्हायचे.

"आदी इमाना जुहूला उतरायची, बारकी बारकी. मग लढाईच्या टायमाला गोऱ्यांनी सांताक्रूझला पट्टी बांधली. ता मी बगितला न्हाय, आमच्या जुन्या मुकादमानी सांगितला. मी लागलू तवा लोका तिकीट काढून गच्चीवर यायची, निस्ती इमान बगाला. पोराबालांना घेऊन. भेल खायाची आनि टाटा करायची, वलख ना पालख. मग आला जंबो. येका इमानातून आख्खा गाव उतरतो, आनि बिल्डिंगीत जागा वाडीपुरती. मग सहारला नवा बांधला. तिकडं भाताची शेता व्हती, विहिरी व्हत्या, रस्त्याच्या कडंला क्रूस व्हते. तिथली म्हातारी मानसा सांगायची, जिथं तू बॅगा उचलतंस ना, तिथं आमी लावनी केली."

मग आखाती देशांची गोष्ट यायची. भिवंडीपासून पार रत्नागिरीपर्यंतची माणसं मस्कत-दुबईला निघाली होती ती वर्षं. जाणारा एक आणि त्याला सोडायला टेम्पोभर माणसं. बाहेर रेलिंगला धरून बायका रडायच्या आणि आत काट्यावर बॅग तेवीस किलो भरायची. सवलत वीसची. मग तो माणूस तिथेच फरशीवर बसून बॅग उघडायचा.

"भरताना सगले सारके, सायेब. काढताना कलतो मानूस," काका म्हणायचे. "येकानी बायकोनी शिवलेली गोधडी काढली आनि सिगारेटी ठेवल्या. दुसऱ्यानी सगले कपडे काढले, आयशीनी दिलेली सुकट ठेवली. अंगावरच्या येका शर्टावर गेला अरबस्तानात."

आम्ही हसायचो. आमचा फोर्कलिफ्टवाला इरफान आझमगडचा, तिशीतला, फाटक्या तोंडाचा. त्याने लूमच्या सुताचा एक रिकामा पुठ्ठ्याचा कोन आणून ठेवला होता. जेवणं झाली की तो कोन काकांच्या हातात द्यायचा. "चाचा, फ्लाइट का टाइम हो गया. अनाउन्समेंट!" काका उभे राहायचे, कोन तोंडाशी धरायचे, आणि आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग मराठीत सूचना द्यायचे. इंग्रजी शब्द कळण्यासारखे नसायचे, पण चाल अगदी खरी होती, त्या बायकांच्या आवाजासारखी गोड आणि कोरडी. वीस-पंचवीस माणसं पोट धरून हसायची. त्या खोट्या इंग्रजीतली चाल जर खोट्या माणसाची असेल, तर तो ती शिकला कुठे, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी तो बाजूला ठेवला. हसण्यात माझा नंबर पहिला होता.

काकांना लिहिता येत नव्हतं. फक्त स्वतःचं नाव यायचं. काउंटरवरच्या एका मुलीने ते त्यांना शिकवलं होतं, बॅगांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर. हजेरीच्या वहीत ते नाव लिहायचे आणि पुढे एक छोटा मासा काढायचे. दोन वाकड्या रेघा, शेपटीला फुली, डोळ्याला ठिपका. मी एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "पायलट, ही हजेरीची वही आहे, बाजार नाही."

"नाव कोनचाबी आसू शकतो, सायेब. मासा माजा हाय," ते म्हणाले.

त्या नावाचीही एक कथा ते सांगत. सांताक्रूझहून सहारला जायचं ठरलं, तेव्हा काही जुने लाकडी काउंटर तिकडे नेण्यात आले. शेवटच्या पाळीला लोडर लोकांनी काउंटरच्या फळीला खालच्या अंगाने खिळ्याने आपापली नावं कोरली. थॉमसच्या जागी उभ्या असलेल्या माणसाने तिथे स्वतःचं नाव कोरलं. "काट्याच्या डाव्या अंगाला. वाकून बगितल्याबिगार दिसाचा न्हाय." अठरा वर्षांत त्यांचं खरं नाव तेवढ्या एकाच ठिकाणी होतं. इरफान विचारायचा, "और मछली, चाचा?" काका म्हणायचे, "मछली भी है."

आता काट्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काकांचा आकडा कधी चुकत नाही, हे माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं होतं. सगळ्या गोष्टींत खोटा ठरवलेला माणूस एका गोष्टीत रोज खरा ठरत होता, तेही सगळ्यांसमोर. एक दिवस त्यांनी गठ्ठा उचलून "चौतीस" म्हटलं. गठ्ठा काट्यावर गेला. मी मागे उभा होतो. मी बुटाचं टोक काट्याच्या पाटावर टेकवलं. सदतीस. माणसं ओरडली, "पायलट क्रॅश!" काकांनी गठ्ठा पुन्हा उचलला, डोळे मिटले, खाली ठेवला.

मी हे पुढे दोन महिने अधूनमधून करत राहिलो. रोज नाही. रोज केलं असतं तर त्यांना संशय आला असता. या काळात मी त्यांना एकटं पाहिलं आहे, गाळ्याच्या कोपऱ्यात पाण्याचा कॅन उचलताना. पुन्हा पुन्हा उचलत होते, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या, आणि मग हात उलटेसुलटे करून बघत होते.

मग एकदा शेठ आले. शेठ म्हणजे गोदामाचे मालक, तिथलेच जमीनवाले. त्यांना काकांची ही करामत बघायची होती. काकांनी गठ्ठा उचलला. "एकतीस." काट्यावर चौतीस आले. शेठ हसले. काका शांतपणे म्हणाले, "शेट, काटा बरोबर हाय. सायबांना सांगा, पाय काडा."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग सगळ्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. इरफान असा हसला की त्याला खाली बसावं लागलं. शेठ म्हणाले, "सुर्वे, लाज वाटते का? माफी माग म्हाताऱ्याची." मी मागितली. काका म्हणाले, "झाला ता झाला, सायेब." त्यांनी ते मनातून म्हटलं होतं. मी मात्र माफी मनातून मागितली नव्हती. महिनाभर मी दिसलो की कोणीतरी हळूच म्हणायचं, "साहब, पैर."

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर सुनंदाला मुलगी झाली. बारशाचं आमंत्रण काकांना आलं नाही. सुनंदाच्या सासूने निरोप धाडला, की जेलात बसलेल्या माणसाच्या हातात आमची पोर देणार न्हाय. हे काकांनीच मला सांगितलं, मालाचा टेम्पो रिकामा करताना, माझ्याकडे न बघता. "पोर तीन म्हयन्यांची झाली. मी उचलली असती तर वजन सांगितला असता. बाकी कायबी नको."

दोन आठवड्यांनी आमच्या गाळ्यात भंगार आलं. विमानतळाचं नूतनीकरण चाललं होतं. जुनं सामान लिलावातून या हातातून त्या हातात जात शेठच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडे आलं आणि त्याने तोडून नेईपर्यंत आमच्याकडे ठेवलं. ट्रॉल्या, एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, दिव्यांच्या पेट्या, आणि सनमायका चिकटवलेले पाच-सहा काउंटर.

काका त्या ढिगातून फिरले तसा माणूस मी देवळातही फिरताना पाहिला नाही. खुर्चीवर हात ठेवायचे आणि सांगायचे, इथं हाजी लोका बसायची. ट्रॉली ढकलून बघायचे. "हिचा डावा चाक तवाबी आसाच व्हता." मग एका काउंटरशी थांबले. कोपऱ्यावरचा सनमायका निघाला होता आणि खाली जुनं लाकूड दिसत होतं. भिंतीला असा टेकलेला की खालून बघता येईना. त्यांनी एकट्याने हलवायचा प्रयत्न केला. कंबरेने साथ दिली नाही.

"सायेब, यो आमचा. पलटी कराला दोन मानसा द्या."

"आज गाड्या आहेत. नंतर बघू."

"आयतवारी दिली तरी चालंल. मी सुनंदाच्या घरच्यांना बोलावतू. जावय शिकल्याला हाय, तो वाचंल." त्यांनी माझा हात धरला. याआधी कधी धरला नव्हता. "तवर यो मोडू देऊ नका. येवडा करा."

मी म्हटलं, "बरं."

शनिवारी काकांची सुट्टी होती. ते व्याह्यांच्या गावी सांगायला गेले होते. दुपारी भंगारवाल्याचा फोन आला, की सोमवारी गाडी येईल, लाकूड तोडून ठेवता आलं तर बरं. घाई काहीच नव्हती. मी इरफानला घेऊन त्या काउंटरपाशी गेलो. फोर्कलिफ्टने तो उचलला, आडवा केला. मी बॅटरी घेऊन वाकलो.

नावं होती. सात-आठ. काही इंग्रजीत, काही मराठीत, एक उर्दूत. काट्याच्या डाव्या अंगाला, मुलाने पाटीवर काढावीत तशा अक्षरांत, पुंडलिक भोईर. पुढे मासा. शेपटीला फुली, डोळ्याच्या जागी खिळ्याने पाडलेलं भोक.

इरफान माझ्या खांद्यावरून बघत होता. "साहब," तो म्हणाला. "चाचा सच बोलता था."

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, हे मी इतकी वर्षं शोधतो आहे. मोठं काही सापडत नाही. रविवारी ती फळी सगळ्यांसमोर वाचली जाईल, सगळे आधी फळीकडे आणि मग माझ्याकडे बघतील, जसं पायाकडे बघितलं होतं, एवढंच मला दिसत होतं.

"तोड," मी म्हटलं.

"साहब, कल तक रुक जाओ ना."

"पहले यही तोड."

त्याने तोडला. त्याला मुलं होती आणि त्याची नोकरी माझ्या हातात होती. घाव घालताना तो फळीकडे बघत नव्हता. मी बघत होतो. मासा मधोमध फुटला.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मागे जावई, सुनंदा आणि तिची सासू. पोर सासूच्या कडेवर. माणसं जमली होती, इरफानही होता. काका सगळ्यांना घेऊन गाळ्यात गेले आणि ढिगापाशी उभे राहिले. लाकडाच्या ढलप्या, वाकलेले खिळे, सनमायक्याचे तुकडे. त्यांनी दोन ढलप्या उचलून उलट्या करून बघितल्या. नीट मांडल्या असत्या तर कदाचित नाव जुळलंही असतं. म्हणून मी त्या फळीचे तुकडे आदल्या दिवशीच बॉयलरसाठी जळण नेणाऱ्याच्या गाडीत घातले होते.

"भंगारवाल्याने घाई केली, काका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, आशा होती. फळी गेली होती, पण मी साहेब होतो. माझ्या शब्दावर जावयाने विश्वास ठेवला असता, सासूनेही ठेवला असता. हे त्यांना कळलं होतं आणि मलाही कळलं होतं.

"मोडाच्या आदी तुमी खालून बगितला आसंल ना, सायेब? व्हता ना नाव?"

सुनंदाही माझ्याकडे बघत होती.

"पाहिलं," मी म्हणालो. "काही नव्हतं."

सासू म्हणाली, "झाला समादान? चला. बगितला इमानतल." काकांनी दोन्ही हात पुढे केले होते, पोरीसाठी, तिने बहुतेक ते पाहिलेही नाहीत. पोर तिने दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि वळली. सुनंदा दारापर्यंत मागे बघत गेली. वडिलांकडे की माझ्याकडे, ते मला सांगता येणार नाही.

"बरा," काका म्हणाले आणि हातातली ढलपी जागेवर ठेवून दिली.

त्यानंतर ते आमच्याकडे चार महिने होते. एकदा कोणीतरी कोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बघितला आणि परत केला. वजनं सांगणंही थांबलं. हजेरीच्या वहीत नाव असायचं, मासा नसायचा. इरफान ईदला गावी गेला तो परत आला नाही. मग एक दिवस काकाही यायचे थांबले. मी त्यांच्या जागी दुसरा माणूस घेतला आणि मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

शेवटचे भेटले ते दोन-अडीच वर्षांनी, वडपे नाक्यावर. मी पहिल्यांदाच विमानाने जाणार होतो, मस्कतला, धाकट्या भावाकडे. भाड्याची गाडी नाक्यावर यायची होती, मी बॅग घेऊन उभा. काका समोरच्या ट्रान्सपोर्टच्या यार्डातून आले. खूप वाळलेले. मला बघून थांबले, मग बॅगेकडे बघितलं. वाकले, उचलली. डोळे मिटले.

"साडेबावीस. अडीच काडा, न्हायतर तिकडं फरशीवर बसून काडाला लागतील."

"काका, सुनंदा कशी आहे?"

"बरी हाय म्हनतात."

"आणि नात?"

"बारा किलो आसंल आता," ते म्हणाले. "अंदाजानी."

मी तोंड उघडलं. इतके दिवस पाठ केलेलं बोलायला लागलो. "काका, त्या फळीवर..."

"इरफाननी सांगितला मना. त्याच आयतवारी, सांजच्याला."

म्हणजे ते चार महिने त्यांना माहीत होतं. रोज सकाळी मला "सायेब" म्हणत होते तेव्हाही. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "इरफानलाच घेऊन जायचं होतं सुनंदाकडे."

"ग्येलतू. व्याहीन बोलली, दारू पाजून आनला आसंल." ते माझ्या बॅगेकडे बघत होते. "गाडी यील, सायेब. उगडा."

मी रस्त्याच्या कडेला बसलो आणि बॅग उघडली. काका समोर उभे राहिले, पूर्वी काउंटरपाशी उभे राहत असतील तसे. वर माझे नवे बूट होते, दोन कोट होते, भावाच्या मित्रांसाठी घेतलेल्या भेटी होत्या. खाली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली आईच्या लोणच्याची बरणी. आईने ती भावासाठी दिली होती, तो सात वर्षं आला नव्हता. काढताना कलतो मानूस, हे त्यांचं वाक्य मला आठवत होतं. आठवत असूनही हात बरणीकडेच गेला.

"ही तुम्हीच ठेवा, काका," मी म्हणालो.

त्यांनी बरणी घेतली. दुसऱ्या हाताने बॅग पुन्हा उचलून बघितली. "आता वीस," म्हणाले. सहारला काट्यावर वीसच भरली, पण ते नंतर.

गाडी आली. मी मागच्या काचेतून पाहिलं. काकांनी बरणी रस्त्याच्या कडेच्या दगडावर ठेवली, लुगड्याचं फडकं तिच्याभोवती नीट केलं, आणि मागे न बघता यार्डाकडे चालू लागले. गाडी हायवेला लागेपर्यंत मला ती बरणी दिसत होती.